करमते का वं तुले?

आज कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. पहिलं पाणी पडलं आणि भिजलेल्या वाळ्याचा तो मातकट, थंड वास घरभर पसरला. नागपूरच्या उन्हाळ्यातली दुपार म्हणजे लावलेली दारं, ओढलेले पडदे आणि कूलरची एकसुरी घरघर. खिडक्यांना जाळ्या आहेत, दाराला तुमच्या बाबांनी बसवून दिलेलं आकड्यांचं कुलूप आहे आणि हॉलच्या कोपऱ्यात तो लहानसा कॅमेरा, ज्यातून तुम्ही तिकडे दूर बसून मला पाहता. माझ्या घरात प्रत्येक वस्तू जागच्या जागी असते; आताशा मीसुद्धा. तुम्ही विचारता, "आजी, आर यू ओके?" मी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवते, "आय ॲम फाइन." पण वाळ्याचा वास आला की मी या हॉलमध्ये उरत नाही. गेल्या उन्हाळ्यातल्या कॉलेजच्या एका वर्गात जाऊन उभी राहते.

तिथे दुपारी मराठी लेखनाचा वर्ग भरे, वयाची अट नव्हती. मी इंग्रजीत शिकले, इंग्रजीतच नोकरी केली. म्हटलं, तुमच्यासाठी चार ओळी तरी आपल्या भाषेत लिहिता याव्यात. पहिल्या दिवशी पोचले तेव्हा वर्ग भरला होता. दारात माझे पांढरे केस आणि इस्त्रीची साडी दिसताच सगळी मुलं खडबडून उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "गुड आफ्टरनून, मॅडम!" फळ्याजवळची कुर्ता-जीन्समधली तरुणी हसू दाबत म्हणाली, "बसा रे, बसा. मॅडम मी आहे. ह्या तुमच्या वर्गातल्या." मग माझ्याकडे वळून, "या काकू. तुमचं नाव कालच आलं ऑफिसातून. वाटच पाहून राहिलो होतो."

तिच्या वर्गाची एक रीत होती. नव्याने आलेल्याने बसण्याआधी फळ्यावर एक वाक्य लिहायचं, आपल्या घरात खरंच बोललं जाणारं. मी माझ्या रेखीव अक्षरात लिहिलं, 'मी बरी आहे.'

"अक्षर मोत्यासारखं आहे," बाई म्हणाल्या, "पण काकू, हे घरात कोण कोणाला म्हणतं?"

मागून एक पोरगी बोलली, "मॅडम, हे तं फोनवरचं वाटून राहिलं!"

"तू चूप बस वं," बाईंनी दटावलं, पण वर्ग हसून मोकळा झाला होता. झळा येऊ नयेत म्हणून कोणीतरी माझ्यामागे दार लोटून घेतलं होतं. पुढे फळा, मागे ते सगळे डोळे, बोटांत खडू. निघून जावं तर जाता येईना, लिहावं तर काही सुचेना. आणि तेवढ्यात, वर्गातल्या कूलरच्या त्या ओल्या वाळ्याच्या वासात, मला माझी आई ऐकू आली.

लहानपणी काटोलहून मला इथल्या इंग्रजी शाळेच्या होस्टेलात आणून ठेवलं होतं. आई एस.टी.नं यायची, फाटकाच्या गजांतून संत्री द्यायची आणि विचारायची, "करमते का वं तुले?" नव्हतंच करमत. एकदा मला रडताना पाहून वॉर्डननं इंग्रजीत विचारलं, काय होतंय? मी शब्द शोधत राहिले. आजारी नव्हते, रागावले नव्हते, कोणी मारलं नव्हतं. करमत नाही याला त्या भाषेत शब्दच सापडेना. शेवटी म्हणाले, पोट दुखतंय. मला एक कडूजहर औषध पाजण्यात आलं, आणि पुन्हा विचारलं तेव्हा मी घाईघाईनं म्हणाले, "आय ॲम फाइन." तेव्हापासून मी फाइनच आहे. तुमचे आजोबा गेल्यावर एकदा तुमच्या बाबांना म्हणाले होते, मला काहीतरी होतंय रे. दुसऱ्याच सकाळी रक्त तपासायला माणूस दारात हजर. रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. मग कॅमेरा आला.

मी फळ्यावरचं वाक्य पुसलं आणि लिहिलं, 'मले करमत नाही.' मला नव्हे, मले. बाईंनी फळ्यावरचं ते वाक्य वाचलं. "बसा काकू," त्या हळूच म्हणाल्या, "झालं तुमचं ॲडमिशन." मागची ती पोरगी बाकावर सरकली, "इथं या नं आजी. इथं कूलरची हवा येऊन राहिली."

यंदा गुडघ्यांनी वर्ग सोडायला लावला. होस्टेलचं फाटक गेलं, या जाळ्या आल्या. मधली सगळी वर्षं कुठे गेली कोण जाणे. आईचा तो प्रश्न तेवढा उरला आहे, विचारणारं मात्र कोणी नाही. तुम्हाला ही अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून बाबाच तुम्हाला हे मोठ्याने वाचून दाखवतील. फळ्यावरच्या त्या वाक्यापाशी त्यांचा आवाज कदाचित अडेल. तेव्हा 'मग पुढे?' म्हणून घाई करू नका. आणि त्यांनी लगेच फोन उचलून डॉक्टरांची वेळ घ्यायला घेतलीच, तर एवढंच सांगा, आजीचं पोट दुखत नाहीये.