बुधवारची प्रार्थना

भांडुपला आमच्या चाळीत दहा-बारा ख्रिस्ती घरं होती. दर बुधवारी संध्याकाळी एकेका घरी प्रार्थनासभा असायची. आधी गाणी, मग शास्त्रपाठ, मग डोळे मिटून ज्याला सुचेल त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची आणि शेवटी चहा. प्रार्थना करणाऱ्याला मध्येच कुणी अडवत नसे. शेजारच्या मावशींनी हे बरोब्बर हेरलं होतं.

गिरण्यांचा संप झाला आणि माझे वडील दारूला लागले. आम्ही ते झाकून ठेवलं होतं, कारण धाकट्या बहिणीचं मुलुंडच्या एका घरी जमत आलं होतं. मुलाची आई आमच्याकडच्या सभेला येणार म्हणून आईनं नवी चादर अंथरली, वडिलांना आत्याकडे धाडलं. सगळं छान चाललं होतं. मग मावशींनी डोळे मिटले.

"हे दयाळू बापा, या घरातल्या भावाची दारू सोडव. परवा तो गटारापाशी पडला होता, त्याला तू उचल."

सगळे म्हणाले, "आमेन." मुलाची आईसुद्धा. रविवारी नकार आला.

बहीण धड जेवेना. आई मला म्हणाली, "क्षमा कर गं त्यांना." कसली क्षमा नि कसलं काय! देवाचं नाव घेऊन त्या बाईनं माझ्या बहिणीची वाट लावली होती. प्रभुभोजनाच्या रविवारी चर्चमध्ये येशूच्या आठवणीची भाकर वाटत, तेव्हा मी मागच्या बाकावर बसायचे आणि भाकर न घेताच उठायचे. मनात राग ठेवून ती घेऊ नये, एवढं मला कळत होतं. राग सोडायचा नव्हता, म्हणून भाकर सोडली.

पुढं मावशींच्या लेकीचं थाटात लग्न झालं आणि सहा महिन्यांत ती माहेरी आली. "हवापालटाला आलीय," मावशी सांगत. मी नर्स होते. माझ्याबरोबरची एक जण तिच्या सासरच्या गल्लीत राहायची, तिच्याकडून मला खरं कळलं. नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं होतं. मी कुणापाशी चकार शब्द काढला नाही. मावशींकडच्या बुधवारची वाट बघत राहिले.

तो बुधवार आला. खोली गच्च भरली होती. लेक कुठे दिसत नव्हती, बाहेर गेली असेल म्हटलं. मी घसा साफ केला.

"प्रभो, या घरातल्या मुलीचा संसार सांभाळ. नवऱ्यानं तिला हाकलून दिलंय. तिच्या आईला खरं बोलायचं बळ दे."

काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं! डोळे किलकिले करून मी मावशींकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. बरी जिरली, म्हटलं.

"आमेन" झालं आणि आतल्या खोलीचा पडदा सरला. लेक चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कुणी तिच्याकडे बघेना, तरी ती एकेकापुढे वाकून कप देत होती. माझ्यापुढे आली. मला वाटलं, आता अंगावर चहा ओतते. ओतायलाच हवा होता.

"तुझी बहीण रडायची ना, तेव्हा दुपारभर मीच तिच्यापाशी बसायचे गं," ती हळू आवाजात म्हणाली. "तू ड्युटीवर असायचीस."

माझा कप तिनं खाली ठेवला आणि पुढच्या माणसाकडे वळली.