हार घातलेलं विमान

नोकरीत हाताखालून गेलेल्या गुन्ह्यांपैकी बहुतेक आता डोक्यातून पुसले गेलेत. कुणी नाव घेतलं तरी चेहरा आठवत नाही. दसऱ्याच्या दिवशी पडलेल्या त्या विमानाचं प्रकरण मात्र तसं नाही. दर वर्षी झेंडूची फुलं बाजारात आली की ते न बोलावता समोर येऊन उभं राहतं.

छप्पन्न साली राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर आम्हा मराठी माणसांची एक पलटणच इकडे आली. सचिवालयातले अधिकारी, कारकून, ओव्हरसियर आणि माझ्यासारखे पोलीस. मी इन्स्पेक्टर होतो. शहराबाहेरचं एक ठाणं माझ्याकडे आलं. कारभार अजून नवाबी वळणाचा होता. आरोपी म्हणजे मुलजिम, तपास म्हणजे तफ्तीश. ठाण्याचे वयस्कर मुंशी रोजनामचा उर्दूत लिहायचे आणि मला वाचून दाखवायचे. म्हैस चोरीला गेल्याची फिर्यादसुद्धा ते अशा थाटात वाचायचे की ऐकून दाद द्यावीशी वाटे.

ठाण्याच्या हद्दीत एक जुनी धावपट्टी होती. तिथे हौशी तरुणांना विमान शिकवणारा एक लहानसा क्लब चालायचा. विमानं दोन. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, पुढे-मागे दोन जागा आणि नाकाशी लाकडी पंखा. मला कुणी फुकट बसा म्हटलं असतं तरी मी बसलो नसतो.

दसऱ्याला सकाळी क्लबचा चौकीदार सायकल फेकूनच ठाण्यात शिरला. "साहब, जहाज गिर गया! लड़का अंदर है!"

आम्ही पोचलो तेव्हा मुलगा गेलेला होता. विशीतला पोरगा. नागपूरहून बदलून आलेल्या सचिवालयातल्या एका बड्या अधिकाऱ्याचा एकुलता एक. शिक्षकाला बरोबर न घेता एकट्याने विमान चालवायचा त्याचा पहिला दिवस. वडिलांचीच इच्छा होती की मुलाने दसऱ्याला आकाशातलं सीमोल्लंघन करावं. विमान नीट वर गेलं, एक वळण घेतलं आणि नाक खाली करून ज्वारीच्या शेतात घुसलं. वडील धावपट्टीच्या कडेला उभे राहून बघत होते. पंचनाम्यात मी लाकडाचे तुकडे, फाटलेलं कापड, पेट्रोलचा वास वगैरे लिहिलं आणि झेंडूचा हारही लिहिला. पूजेचा हार मुलाने काढून मागच्या रिकाम्या जागेवर ठेवला होता.

विमान खात्याचे तपासनीस दिल्लीहून आले. शांत, रुक्ष माणूस. दोन दिवस ते अवशेषांत गुडघे टेकून बसले होते. मग त्यांनी मला शेपटीजवळचा एक दांडा दाखवला. चालकाच्या हातातली काठी ह्या दांड्याने शेपटीच्या झडपेला जोडलेली असते आणि त्यावर विमानाचं नाक वर-खाली होतं. जोडाचं भोक शाबूत होतं. त्यातला बोल्ट मात्र नव्हता.

"बोल्ट टूटा नहीं है, निकल गया है," ते म्हणाले. "नट कसा होता और उसमें पिन होती, तो निकलता ही नहीं."

म्हणजे पिन कुणीतरी काढली होती किंवा घातलीच नव्हती. चुकून की मुद्दाम, हे शोधणं माझं काम.

त्याच संध्याकाळी धावपट्टीबाहेरच्या चहावाल्याने खबर आणली. तो आमचा जुना खबऱ्या. क्लबच्या मेकॅनिकचं आणि त्या मुलाचं दसऱ्याआधी जोरात वाजलं होतं. मुलाने त्याला सगळ्यांदेखत शिवी दिली होती आणि मेकॅनिक म्हणाला होता, "असाच मिजाशीत राहिलास तर एक दिवस पडशील." एवढं पुरलं. वडिलांनी फिर्याद दिली की मेकॅनिकने सूड म्हणून मुलाला मारलं. कलम तीनशे दोन लागलं. मेकॅनिक कोठडीत आला.

तो नागपूरचाच. चाळिशी ओलांडलेला, लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात काम केलेला, तोंडाने फटकळ. मी त्याला समोर बसवलं.

"पिन का नाही घातलीस?"

"काम अर्धं होतं साहेब. नवमीला सकाळी जुना बोल्ट काढला, नवा घातला, नट हातानेच फिरवून ठेवला. तेवढ्यात पूजेची हाक आली. पाने, पकडी सगळं धुऊन पाटावर मांडलं. एकदा कुंकू लागल्यावर पान्याला हात कसा लावायचा? आमच्याकडे खंडेनवमीला मांडलेलं हत्यार दसरा उलटल्याशिवाय उचलत नाहीत."

"एक पिन घालायला पाना कशाला लागतो रे?"

"नट आवळायला लागतो ना साहेब! आवळल्याशिवाय पिन बसते होय?"

"मग कुणाला सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? दसऱ्याची सुट्टी होती, उडायचं कुणी बोललं नव्हतं. आणि पंख्याला लाल फडकं बांधलं होतं मी. गुळगुळीत लाकडावरून घसरतं म्हणून वरून तार पिळली होती. लाल फडकं असलेल्या विमानाला हात लावायचा नाही, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे."

आता पंचाईत अशी की ते फडकं कुणीच पाहिलेलं नव्हतं. उड्डाण शिकवणारे गृहस्थ पंजाबी, हवाई दलातून निवृत्त झालेले. ते डोकं धरून बसले होते. वडिलांनी फार गळ घातली म्हणून त्यांनी आयत्या वेळी सुट्टीच्या दिवशी विमान उडवायला परवानगी दिली होती. "मैंने फूल देखे, लाल कपड़ा नहीं देखा. स्टिक हिलाकर देखी थी, पूँछ ठीक हिल रही थी." बोल्ट तेव्हा जागेवरच होता, हलणारच. नवमीला हत्यारं बाजूला ठेवतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. चौकीदार इतका घाबरलेला की त्याचं आपलं एकच पालुपद, मैंने कुछ नहीं देखा. आम्ही अख्खा हँगर झाडून काढला. लाल चिंधीसुद्धा सापडली नाही.

माझे दिवाण, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, म्हणाले, "साहब, दो लगा दें? अभी उगल देगा."

"काय उगलेल?" मी खेकसलो. "तुम्हाला हवं ते उगलेल. मग कोर्टात तुम्ही उभे राहणार का?"

मेकॅनिकची बायको रोज डबा घेऊन यायची. एके दिवशी तिने मला पायरीवरच गाठलं. "साहेब, ह्यांचं तोंड वाईट आहे, मी काय नाही म्हणते का? मलाही दिवसातून दोनदा टाकून बोलतात. पण नवमीला घरातली कात्रीसुद्धा उचलू देत नाहीत मला. असा माणूस नवमीला खून रचेल का हो?" मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "फाशी देतील का?"

मी तिच्या हातून डबा घेऊन आत पाठवला. पोलिसाने अशा वेळी खोटा धीर देऊ नये. मला आतून मात्र वाटत होतं की हा माणूस खरं बोलतोय. कारण साधं होतं. त्याच नवमीला आमच्या ठाण्यातही बंदुका मांडून, कुंकू लावून पूजा झाली होती आणि मीच मुंशींना बजावलं होतं की उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी दरोडा पडला असता तर आम्ही काय झेंडूची फुलं फेकणार होतो? पण मला वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. वरून रोज विचारणा व्हायची. सचिवालयातल्या माणसाचा मुलगा गेला होता आणि आरोपपत्र कधी पाठवता, एवढंच सगळ्यांना हवं होतं. फडकं सापडलं नसतं तर मी तो माणूस तीनशे दोनखाली कोर्टापुढे उभा केला असता, ह्यात शंका नाही.

मग एका सकाळी वडील स्वतः ठाण्यात आले. कडक इस्त्रीचे कपडे, चेहरा मात्र आठवड्यात म्हातारा झालेला. माझ्यासमोर बसून म्हणाले, "इन्स्पेक्टर, तुम्ही त्याच्याच गावचे, म्हणून वेळ काढताय असं मी समजू का?"

"साहेब, गाव तर आपलंही तेच आहे," मी म्हटलं आणि राग गिळायला खिडकीबाहेर बघितलं.

अंगणात त्यांची मोटार उभी होती. ड्रायव्हर काच पुसत होता. हातात तेलकट लाल फडकं, आणि फडक्याच्या टोकाला उन्हात काहीतरी चमकत होतं.

मी उठून बाहेर गेलो. टोकाला पिळलेली तार होती.

"ये कहाँ से लाया?"

"साहब ने फेंका था दशहरे के दिन, हवाई पट्टी पर," ड्रायव्हर म्हणाला. "मजबूत कपड़ा है, मैंने उठा लिया." त्या बिचाऱ्याला काय माहीत!

फडकं घेऊन मी आत आलो आणि टेबलावर ठेवलं. त्याबद्दल त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. वडिलांनी ते बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"हेच सांगतोय मी! केवढा बेफिकीर माणूस आहे बघा. दसऱ्याचा दिवस, पूजेसाठी विमान बाहेर काढून घेतलं, तर पंख्याला हे घाणेरडं फडकं! मुलगा आणि शिक्षक तयार होऊन यायच्या आत मीच तार सोडून फेकून दिलं, नारळ वाढवला आणि तिथे हार घातला." मग माझ्याकडे बघून ते थांबले. "का? त्याचं काय?"

आयुष्यात बरंच वाईट बोलावं लागलं मला. मुलांना बाप गेल्याचं सांगितलं, बायकांना नवरे गेल्याचं. पण त्या प्रश्नाइतकं जड उत्तर कधीच दिलं नाही. इलाज नव्हता. कोठडीत एक माणूस फाशीची वाट बघत होता.

"साहेब, ते फडकं म्हणजे ह्या विमानाला हात लावू नका अशी खूण होती."

बाहेर मुंशी कुणाला तरी वाचून दाखवत होते, तेवढा आवाज. मी पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली, हेही सांगतो. एवढा मोठा अधिकारी. ते फडकं मोटारीतलंच आहे, माझा ड्रायव्हर खोटारडा आहे, असं ते म्हणाले असते तर माझी बदली कुठे झाली असती कोण जाणे.

मग फडकं माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "माझा जबाब लिहून घ्या."

"साहेब, उद्या घेतो. आज आपण घरी..."

"आत्ता. उद्या मी धजणार नाही."

त्यांनी सगळं सांगितलं, एक शब्द आडपडदा न ठेवता. खाली सही केली. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले, "त्याच्या आईला मीच सांगेन. तुम्ही कुणी जाऊ नका."

खुनाचं कलम निघालं. हयगयीचं राहिलं आणि ते बरोबरच होतं, कारण अर्धं काम सोडून कुणाला तोंडाने न सांगता जाणं ही हयगयच. कोर्टाने मेकॅनिकला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. शिक्षकांचा परवाना काही काळ काढून घेतला गेला. ज्याला बेड्या घालाव्यात असा माणूस त्या प्रकरणात मला सापडला नाही. मेकॅनिकने देवाचा मान राखला, शिक्षकांनी बापाचं मन राखलं आणि बापाने मुलाचं भलं चिंतलं. सगळे चांगलंच करायला गेले होते, आणि तपासायचं, सांगायचं, विचारायचं जे होतं ते मध्ये राहून गेलं.

पुढे मुद्देमाल परत द्यायचा कोर्टाचा हुकूम आला, तेव्हा मी मेकॅनिकला बोलावलं. क्लबने त्याला पुन्हा कामावर घेतलं होतं. तो सही करत होता आणि तेवढ्यात दारात ते वडील उभे. त्यांना तारीख कुठून कळली, मी विचारलं नाही. मेकॅनिक गडबडून उठला. फडकं त्याने दोन्ही हातांनी पुढे केलं.

"साहेब, तुम्हीच ठेवा हे. मला बघवत नाही."

वडिलांनी मान हलवली. "नाही. तुम्ही बांधा. आणि कुणी सोडायला आलं तर त्याचा हात धरा. साहेब असला तरी धरा."

मेकॅनिक ढसाढसा रडला. मुंशींनी चष्मा काढून पुसला आणि मी उगाच मुद्देमालाच्या खोलीचं कुलूप बघायला गेलो.

त्या प्रकरणाने माझी तपासाची पद्धत बदलली. आधी मी विचारायचो, वैर कुणाचं होतं? नंतर मी आधी विचारायला लागलो, चांगल्या मनाने इथे हात कुणी लावला? तुम्हाला हसू येईल, पण पुष्कळ प्रकरणं तिथेच उलगडली.

आता मी निवृत्त आहे. दसऱ्याला मुलगा स्कूटर धुतो आणि बायको हार घेऊन पुढे होते. मी दर वर्षी तिचा हात धरतो आणि विचारतो, "इथे आधी काही बांधलेलं नव्हतं ना?" पहिली काही वर्षं ती चिडायची, सणासुदीचं काय हे अभद्र बोलणं म्हणायची. आता चिडत नाही. ती स्वतःच हँडल चाचपून बघते, मुलाला ब्रेक दाबायला सांगते आणि मग हार घालते.