फुईचा ठोसा

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. ज्या साप्ताहिकात माझं सदर येतं, त्याच्या संपादकांना तर ती कळताच कामा नये. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट माहीत नाही — तुम्ही फुईला ओळखत नाही, म्हणून असेल.

फुई म्हणजे माझी आत्या. वडिलांची मोठी बहीण, वय तेव्हा एकसष्ट. तळोद्याला दिलेली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस आमच्याकडे, रनाळ्याला, माहेरी येते. आखाजीला आमच्याकडे लेकी-बहिणी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि घरातलं कुणी त्यांना ‘हे काय वय आहे का तुझं’ म्हणत नाही. वर्षात तेवढे चार दिवस.

आणि मी? मी नोकरीने कारकून, पण हौसेने समीक्षक. व्हिडिओ गेमचा. हसू नका — नंदुरबारच्या एका साप्ताहिकात माझं अर्ध्या पानाचं सदर आहे, फोटोसकट. फोटोत मी हनुवटीला हात लावून विचार करतोय.

त्या वर्षी मी एक मुष्टियुद्धाचा गेम आणला होता. हातात काही धरायचं नाही. टीव्हीवर बसवलेला कॅमेरा तुमचे हात बघतो; तुम्ही हवेत ठोसा मारला की पडद्यावरचा तुमचा माणूस तसाच ठोसा मारतो. दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून खेळायचं. या गेमची मोठमोठ्या समीक्षकांनी आधीच सालटी काढली होती. कॅमेऱ्याला हात उशिरा दिसतात, ठोसा एक मारावा तर होतं भलतंच, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. त्यांच्या घरी होतही असेल. मी कशाला खोटं म्हणू?

आमच्या घरी काय झालं ते सांगतो. म्हणजे — सांगायचंच आहे, तर सांगतो.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर मी ओसरीत गेम लावला. सगळ्यांना दाखवावं, आपण काय करतो ते. सोबत खेळायला कुणी उठेना. मग फुईच उठली. पदर खोचला आणि माझ्या शेजारी उभी राहिली. मी तिला समजावलं, हात असे धरायचे, घाबरायचं नाही, मी हळू मारीन. हो — ‘मी हळू मारीन’ असं मी म्हणालो होतो.

तुम्ही खापरावरचे मांडे होताना पाहिले आहेत का? पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत, या हातावरून त्या हातावर टाकत, लाटण्याशिवाय कोपरापर्यंत मोठी करतात, आणि मग चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद पसरतात. फुई हे पंचेचाळीस वर्षं करत आलेली. तळोद्यात लग्नकार्य असलं की आधी तिला बोलावणं जातं. तिच्या हातांना थांबणं माहीत नाही. मी उजवीकडून मारला, तिचा डावा हात आधीच तिथे. डावीकडून मारला, तर उजवा. आणि मधल्या फटीतून तिचा ठोसा असा यायचा, की पडद्यावरचा माझा माणूस उताणा.

‘हाई तं मांडासारखंच शे,’ फुई म्हणाली.

वडील खाटेवर बसून विचारत होते, ‘तुन्हा मानूस उठस काबर नही?’ शेजारच्या दोन काकू दारात आल्या. मी पुन्हा खेळलो. पुन्हा पडलो. बूट घालून खेळलो, बूट काढून खेळलो, ‘उजेड डोळ्यांवर येतोय’ म्हणून जागा बदलली. दरवेळी फुई पडद्याकडे न बघता माझ्याकडे वळून विचारायची, ‘लागनं का रे भाऊ तुले?’ — आणि ती खरंच काळजीने विचारत होती, हे सगळ्यात वाईट.

पुढचे दोन दिवस फुई गल्लीभर सांगत हिंडली. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती. जाताना एसटीच्या खिडकीतून तिने मला मूठ दाखवली. स्टँडवरचे लोक हसले. मीही हसलो — दात दाखवून.

मग मी लेख लिहायला बसलो. त्याआधी कॅमेरा तपासला. भर दुपारी, एकटा, दारं लावून, शंभर ठोसे मारले. एकूण एक बरोबर मोजले गेले. आणि तरी मी लिहिलं — ‘यंत्राला ठोसा आणि हातवारे यांतला फरक कळत नाही. आमच्या घरातल्या एका वयस्कर बाईंनी केवळ मांडे करण्याची क्रिया करून अनुभवी खेळाडूला हरवलं, यावरून काय ते समजावं.’ पाचपैकी एक तारा. जगभर हेच लिहिलं जात होतं, त्यात माझं खोटं कुणाला दिसणार? संपादकांनी फोन करून शाबासकी दिली. मांड्यांचा दाखला त्यांना फार आवडला.

एवढंच असतं, तर मी ही शाई खर्च केली नसती. एक माणूस हरला आणि त्याने जळफळाट छापला, यात नवल काय?

पुढच्या आखाजीला फुई आली. मी गेम लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. पिशवीतून लेखाचं कात्रण काढलं — प्लॅस्टिकमध्ये घालून, नीट घडी घालून ठेवलेलं. एकेक अक्षर लावून तिने ते स्वतः वाचलं होतं. तिने हळूच विचारलं, ‘भाऊ, मशीन खरंच बिघडेल व्हतं का?’

आजूबाजूला कुणी नव्हतं. कोणी ऐकणार नव्हतं, कोणी हसणार नव्हतं. ‘नाही’ एवढा एकच शब्द पुरला असता.

मी म्हणालो, ‘हो फुई. ते मशीनच तसं होतं.’

‘तरीच,’ ती म्हणाली. ‘मी कशी काय जिंकसू?’ आणि कात्रणाची पुन्हा घडी घातली.

ते कात्रण अजून तिच्याकडे आहे. त्यावर माझा फोटो आहे ना — हनुवटीला हात लावलेला. पाहुणे आले की ती दाखवते, ‘मन्हा भाचानी लिखेल शे,’ आणि मग स्वतःवरच हसत ती गोष्ट सांगते, की मशीन येडं व्हतं, म्हनीसन मी जिंकनू. यंदाच्या आखाजीलाही सांगितली. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो, तोंडात तिच्याच हातचा मांडा होता.

ती अकरा वेळा जिंकली होती. मशीन एकदाही चुकलं नव्हतं.