यादीतली चौथी ओळ

“ताई, हे पोरगी मशीनसंग बोलते, मानसासंग नाही बोलत.”

स्वयंपाकघरात तुरीची डाळ निवडता निवडता मावशी आईला म्हणाली.

“शिकून राह्यली व ते. बोलंल.”

“कवा? मी मेल्यावर?”

दोघी खूप हसल्या. भिंतीच्या अलीकडे मी सगळं ऐकत होते. उठून बाहेर मात्र गेले नाही.

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते, पण खरं सांगू का... त्यातल्या एकावरही माझा कधी विश्वास बसला नाही. भूतबित मी आजही मानत नाही. घडलं ते फक्त क्रमाने लिहितेय.

आम्ही नेरला राहतो. मावशी फुलसावंगीला, एकटीच. त्या भेटीत तिने माझ्यासाठी एक जुनं पुस्तक आणलं होतं. वेब फ्रेमवर्कचं, म्हणजे वेबसाइट बनवायला शिकवणारं, अगदी नवशिक्यांसाठी. तिच्या शेजारच्या मुलाने रद्दीत टाकलेलं. तिला वाचता येत नव्हतं. कव्हरवर कॉम्प्युटर दिसला म्हणून उचललं. “पाह्य मॅडम, तुह्या कामाचं हाय का!” माझं इंग्लिश मीडियम आणि पुस्तकी मराठी, म्हणून मी मॅडम.

ती परत गेली. मी पाचव्या धड्यावर आले. त्यात कामांची यादी दाखवणारी छोटी वेबसाइट बनवायची होती. ती फक्त माझ्याच लॅपटॉपवर चालणार, बाहेरच्या कुणाला उघडता येणार नाही. मी इंग्रजीत तीन कामं टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला उघडली, तर चार.

“४. मावशीला फोन.”

माझ्या लॅपटॉपवर मराठी टाइप करायची सोयच नाही. आई अंगणवाडीत, बाबा डेपोत, घरात मी एकटी. वायफाय बंद केलं. ओळ डिलीट केली, गेली. पान रिफ्रेश केलं — परत आली. नंबरही तोच, चार. पुस्तकात तर स्पष्ट लिहिलंय की पुसलेला नंबर पुन्हा मिळत नाही.

मला वाटलं, बग आहे, कोडमध्येच काहीतरी चुकलंय. मी कोड ओळीओळीने तपासत बसले.

अकराला मावशीचा मिस कॉल आला. ती कधीच पूर्ण फोन करायची नाही. एक रिंग देऊन कापायची, म्हणजे आपण लावायचा. फोनवर बोलणं मी टाळतेच. मी नेहमीसारखा मेसेज टाकला, “बिझी आहे, नंतर करते.” तोही इंग्रजीत. जिला वाचताच येत नाही, तिला.

दोन मिनिटांनी पुन्हा एक रिंग आली. मी फोन उलटा ठेवला आणि बग शोधत राहिले.

एक वाजता आई धावत घरी आली. मावशी फुलसावंगीच्या घरी स्वयंपाकघरात पडलेली सापडली होती, हातात फोन. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर...

तेरवी झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. चौथी ओळ तिथेच होती. तिच्यासमोर काम झाल्याची हिरवी टिक होती.

टिक करायची सोय सहाव्या धड्यात आहे. तो मी अजून उघडलाही नव्हता. माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांना सगळा कोड दाखवला. ते म्हणाले, “यात टिक येऊच शकत नाही.” ओळ कुठून आली, तेही त्यांना सांगता आलं नाही. आणि ‘झालं’ म्हणजे नक्की काय झालं? मी तर फोन केलाच नव्हता.

मावशीचा मोबाइल आता आमच्याकडे असतो. आई तो रोज चार्ज करते, का ते मी विचारत नाही. काल दुपारी मी माझ्या खोलीतून तो नंबर लावला. भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात रिंग वाजत राहिली. शेवटपर्यंत वाजली. बंद झाल्यावरही मी फोन कानालाच धरून होते. मग तिच्याच बोलीत, आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्याने म्हणाले,

“बोल न व मावशी... मी ऐकून राह्यली.”