उंदरांचे श्वास बघणारे आमचे भावोजी

माणसाला चेहरा असतो हे आमच्या भावोजींना अजून कळलेलं नाही. कुणीही समोर येवो, यांची नजर थेट छातीवर. सोसायटीतल्या बायकांचा सुरुवातीला भलताच गैरसमज झाला आणि बिचाऱ्या ताईला घरोघरी जाऊन सांगावं लागलं, "अहो, ते फुप्फुसं बघतात हो!" पवईच्या एका प्रयोगशाळेत ते भूल दिलेल्या जिवंत उंदराच्या छातीचे, डोळ्याचं पातं लवायच्या आत, ढीगभर एक्स-रे काढतात आणि आतलं फुप्फुस चालताना पाहतात. बरं, पाहतात तर पाहोत, पण आम्हालाही दाखवतात! माझ्या साखरपुड्यात सगळे आइस्क्रीम खात असताना यांनी मोबाइल फिरवला. "बघा, हवा कशी आत शिरतेय! झकास ना?" माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी वाटी खाली ठेवली ती ठेवलीच.

विक्रोळीला आमच्या घरी बाबांना धाप लागायला लागली, तेव्हा एक्स-रेला हेच सोबत आले. "श्वास रोखून धरा," असं टेक्निशियन म्हणाला मात्र, भावोजी भडकले. "अरे, आम्हाला श्वासच बघायचाय आणि तू तो रोखायला काय सांगतोस?" मागचे पेशंट ओरडायला लागले. शेवटी मी यांना दंडाला धरून बाहेर काढलं. वाट लावली यार या माणसाने!

बाबांची फुप्फुसं कडक होत चालली होती. औषधाने दुखणं हळू वाढेल, पण बरं होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबा आपले नेहमीसारखे. म्हणाले, "जावयबापू, माका घाला मगे तुमच्या मशिनीत. वारो खंय अडाकता ता तरी दिसात." साध्या प्रश्नावर तासभर बोलणारा हा माणूस खाली बघत एवढंच म्हणाला, "बाबा, त्यात फक्त उंदीर मावतो." बाबा हसले आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

त्यानंतर भावोजी रोज येऊन बाबांच्या छातीवर तळवा ठेवून बसायला लागले. मला वैताग यायचा. "भावोजी, पुरे ना! झोपू द्या त्यांना." बाबाच मला गप्प करायचे, "ऱ्हवांदे रे. तेंका बरा वाटता."

बाबा गेले त्या दुपारीही तो हात तिथेच होता. ताईने हंबरडा फोडला, शेजारी जमले, तरी भावोजी जागचे हलेनात. मी हात उचलायला गेलो तर म्हणाले, "थांब रे, अजून..." मग मीही त्यांच्या हातावर माझा हात ठेवून बसलो. खाली काहीच हलत नव्हतं.