तीस तारखेची गाडी

नागपुरातून आजवर जेवढे लोक प्रवासाला निघाले असतील, त्या सगळ्यांची तयारी एकत्र केली तरी माझ्या साडूंच्या एका तयारीपुढे ती फिकी पडेल. कचेरीत ते कारकून होते, पण मनाने सेनापती. कळमेश्वरच्या एका लग्नाला जाताना बसमध्ये कोण कोणाशेजारी बसेल याचा नकाशा त्यांनी आठ दिवस आधी घरोघर वाटला होता, आणि नवरदेवाचे मामा खिडकीसाठी रुसले तेव्हा रीतसर दुरुस्तीपत्रक काढलं होतं. लिहिलेल्या प्रत्येक कागदाखाली कार्बन. वाणसामानाच्या यादीचीसुद्धा एक प्रत वाण्याला आणि एक शर्टाच्या खिशात. "कागद खोटं बोलत नाही गा साडूभाऊ," ते मला म्हणत, "माणसं बोलतात." पुढे मी ते अक्षरशः खरं करून दाखवलं.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. माझ्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. एकतीस डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्याला मुंबईच्या बंदरातली जहाजं भोंगे वाजवतात आणि समुद्रावर आतषबाजी होते, असं साडूंनी कुठेतरी वाचलं. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. "डोळे आहेत तोवर दाखवतो तुम्हाले," असा शब्द त्यांनी दिला आणि आमच्या दोन्ही घरांची छावणी झाली. साडूंनी अंगणात खडूने रेल्वेचा डबा आखला. दर रविवारी ते शिटी फुंकत, आणि आम्ही दोन्ही जोडपी व सासूबाई वळकट्या घेऊन दोन मिनिटांत त्या डब्यात चढत असू. सासूबाई एकदा म्हणाल्या, "जावईबापू, गाडी तं नागपूरले चांगली वीस मिनिटं थांबते म्हणतात." "आणि नाही थांबली तं?" साडूंनी विचारलं. शेजारी राहणारे एक निवृत्त गार्ड सुपारी कातरत खडूच्या रेषेच्या आत येऊन उभे राहिले, तर "डबा राखीव आहे" म्हणून त्यांनाही उतरवलं. तीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, आठ दिवस आमच्याशी बोलला नाही.

तिकिटांचं काम तेवढं माझ्याकडे होतं. 'तीस तारीख, संध्याकाळची गाडी' अशी चिठ्ठी साडूंनी मला दिली. खिडकी उघडायच्या दिवशी मी निघालो, पण सीताबर्डीवर एक मित्र भेटला आणि मी रांगेऐवजी मॅटिनीला जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी तीसची गाडी भरलेली होती. एकतीसच्या जागा होत्या. त्या घेतल्या, खिशात घातल्या आणि गप्प बसलो. अठ्ठावीसच्या तालमीत साडूंनी तिकिटं मागितली. आता मुंबई पहिल्या तारखेला सकाळी येणार, हे सगळ्यांना एकदमच कळलं. सासूबाईंचा चेहरा उतरला. सगळे माझ्याकडे बघू लागले तेव्हा मी म्हणालो, "चिठ्ठीत एकतीसच लिहिलं होतं."

साडूंचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे क्षणभर थांबला. मग तो तसाच रिकामा परत आला.

"असंन गा," ते म्हणाले. "माझ्याच हातून एकतीस पडलं असंन."

बायकांनी बेत रद्द करायला सांगितलं. "जायचं म्हणजे जायचं," एवढंच बोलून ते गार्डसाहेबांची समजूत काढायला शेजारी गेले. तासाभराने बाहेर आले ते शीळ घालत.

एकतीसला आम्ही निघालो. अकोल्यानंतर साडू दर दहा मिनिटांनी घड्याळ बघू लागले. पावणेबाराला त्यांनी आम्हाला उठवलं, कानटोप्या चढवल्या आणि गाडी भुसावळला थांबताच शिटी फुंकली. इतक्या रविवारांची मेहनत फळाला आली. सासूबाईंसकट आम्ही दीड मिनिटात फलाटावर! आणि बाराचा ठोका पडला.

त्या वेळी तिथल्या शेडमध्ये कोळशाची इंजिनं ओळीने उभी असत. गार्डसाहेबांनी साडूंना सांगितलं होतं तसंच झालं. एकाने शिटी दिली, दुसऱ्याने उचलली, आणि बघता बघता सगळं यार्ड गर्जू लागलं. धुक्यात ड्रायव्हरला सावध करायला रुळांवर ठेवतात ते फटाके इंजिनाच्या चाकांखाली धडाधड फुटले. धुराड्यांतून ठिणग्यांचे झोत आभाळात चढले, हिरवे-तांबडे कंदील हवेत फिरले. सासूबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले, पण डोळे मिटले नाहीत. "अवं, मुंबईत याच्याहून मोठं काय असंन वं?" त्या ओरडल्या. साडू छाती काढून उभे होते, जणू ती सगळी इंजिनं त्यांच्याच सहीने सुटली होती.

मुंबईही पाहिली, पण सासूबाई शेवटपर्यंत सांगत राहिल्या ते भुसावळच. तरीही पुढची चाळीस वर्षं प्रत्येक लग्नकार्यात साडूंनी कागद काढला की कोणीतरी म्हणायचंच, "तारीख तपासा बरं, नाहीतर भुसावळ!" सगळे हसत. सगळ्यांत मोठ्याने मी हसत असे.

गेल्या हिवाळ्यात साडू गेले. तेरवीनंतर ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, त्यांच्या फाइली माझ्यासमोर ठेवल्या. 'मुंबई' लिहिलेल्या फाइलीत माझ्या चिठ्ठीची निळी प्रत होती. 'तीस', खाली दोन रेघा. घडी झिजलेली, खिशात वागवलेल्या कागदाची असते तशी. कोपऱ्यात त्यांचा कचेरीतला शेरा: 'निकाली'.

मी सगळं सांगून टाकलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "मले त्याच रात्री माहीत झालं होतं, भाऊजी."

"मग बोलल्या काहून नाही?"

"ते म्हणे, त्याच्या लग्नाले आता कुठं दोन महिने झाले. सासुरवाडीत त्याचं तोंड राहू दे. माझं काय जाते, मी जुना जावई आहो."

चिठ्ठी बरोबर होती, चूक माझी होती. हे लिहिताना कागदाखाली कार्बन घातला आहे. एक प्रत तुम्हाला. दुसरी ताईंकडे देईन, 'मुंबई'च्या फाइलीत लावायला. निकाली शेरा मारणारा मात्र आता नाही.