विमा कंपनीला दिलेली चार पानं

चहा येतोय तोवर सांगूनच टाकतो. नाहीतर बाररूममधलं कोणीतरी तिखटमीठ लावून सांगेल, आणि त्यात मी आहे त्याहून जास्त मूर्ख दिसेन. तसा खराखुरा प्रकारही काही कमी नाही म्हणा!

तेव्हा मी धुळ्याला वकिली करत होतो. बाहत्तरचा दुष्काळ चालू होता. शेतकऱ्यांच्या हातात काही नाही, म्हणून व्यापाऱ्यांच्या हातात नाही, म्हणून आमच्याही नाही. लोक भांडायचे थांबले होते असं समजू नका. फी देऊन भांडायचे थांबले होते.

आणि माझ्याकडे होता एक विमा. वकिलाच्या चुकीचा विमा! हसता काय? वकिलाच्या हातून चूक झाली, अशिलाचं नुकसान झालं, अशिलाने वकिलावर दावा लावला, तर भरपाई कंपनी देणार. मुंबईच्या मेहुण्याने तो माझ्या गळ्यात मारला होता. धुळ्यात असला विमा काढणारा वकील मी एकटाच. बाकीचे म्हणायचे, "आम्ही कशाला काढू? आम्ही चुकतच नाही." मी म्हणायचो, "तुमच्या अशिलांना विचारून पाहू का?"

पण त्या वर्षी मी खरंच चुकलो. एका कापसाच्या शेठजींचं अपील मुदत संपल्यावर आठ दिवसांनी दाखल केलं. उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज दिला होता, पण तो मंजूर होईल अशी खात्री मला स्वतःलाच नव्हती. शेठजी ऑफिसात आले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, अपील गेलं तर मी तुमच्यावर दावा लावणार. राग मानू नका हं."

मी लगेच कंपनीला कळवलं. उत्तर आलं, काळजी करू नये, फक्त पॉलिसी चालू ठेवावी. आणि हप्त्याची तारीख तर डोक्यावर आलेली! हप्ता चुकला की पॉलिसी बंद. पॉलिसी बंद की शेठजींची नजर थेट माझ्या राहत्या घरावर.

एवढ्यात कंपनीचं पत्रक आलं. दुष्काळी भागातल्या विमेदारांना हप्ता भरायला सहा महिन्यांची सवलत. 'कारणासह अर्ज करावा.'

कारणासह! अहो, पंधरा वर्षं मी दुसरं लिहीत काय होतो? कोर्टात उशीर माफ करून घ्यायचा तर न्यायाधीशांना दया आली पाहिजे. अशील आजारी, अशिलाची म्हैस आजारी, गाडी चुकली, कागद भिजले. दुर्दशा जेवढी मोठी, तेवढी माफी लवकर. त्याच हातोटीने मी फुलस्केपची चार पानं हाणली. वर ॲफिडेव्हिटही जोडायचं ठरवलं. कंपनीने मागितलंही नव्हतं!

त्यात काय लिहिलं असेल? 'दुष्काळामुळे अर्जदाराचे मन थाऱ्यावर नाही. उन्हाने चक्कर येते. तारखा लक्षात राहत नाहीत. एका अशिलाचे कागद दुसऱ्याच्या फायलीत जातात. कारकून वृद्ध असून त्यास ऐकू येत नाही व दिसतही नाही, तथापि दुसरा ठेवण्याची अर्जदाराची ऐपत नाही.'

अपिलाची ती एक तारीख सोडली, तर यातलं एक अक्षर खरं नव्हतं. आमचे कारकून नाना साक्रीकडचे. बाहेर अशिलाने चप्पल काढली की आवाजावरून आतून सांगायचे, कोण आलंय ते. आणि हे ॲफिडेव्हिट टाइप कोणी केलं? नानांनीच!

"नाना, वाईट वाटून घेऊ नका," मी म्हणालो. "कामापुरतं आहे हे."

"माले कसानं वाईट?" नानांची बोटं थांबलीसुद्धा नाहीत. "फक्त बहिरा लिखू का ठार बहिरा, तेवढं सांगा."

"ठार लिहा," मी म्हणालो. काय दुर्बुद्धी सुचली!

आठ दिवसांत जळगावच्या शाखेचं पत्र आलं. सवलत मंजूर झाली असणार, म्हणून मी ते मोठ्या ऐटीत फोडलं. आत लिहिलं होतं, 'आपण शपथेवर दिलेल्या माहितीवरून आपल्या हातून चुका होण्याचा संभव फारच वाढल्याचे दिसते. पॉलिसी पुढे चालू ठेवावी किंवा कसे, याचा विचार करणे आहे. समक्ष भेटावे.'

तेव्हा माझे डोळे उघडले. जो माणूस माझ्या चुकांची भरपाई देणार, त्यालाच मी शपथेवर सांगत होतो की, बाबा रे, मी दिवसभर चुकतच असतो! जेवण जाईना. बायको म्हणाली, "अर्ज पाठवायच्या आधी मला एकदा वाचून दाखवायचा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नाना जळगावच्या एसटीत बसलो. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी मनातल्या मनात बाजू मांडत होतो. बेत अगदी साधा होता. नानांना साहेबांसमोर उभं करायचं. त्यांना ठणठणीत ऐकू येतं हे दिसलं की बाकीचंही वाढवून लिहिलंय हे आपोआप पटेल. नानांना काही सांगितलं नाही. ते झोपले होते. आणि सांगायचं तरी काय? ऐकू येणाऱ्या माणसाने फक्त ऐकायचं होतं!

शाखेतले देवरेसाहेब म्हणजे शांत माणूस. नानांना बाहेर बाकावर बसवून मी आत गेलो आणि सगळं कबूल केलं. "साहेब, लिहिण्याच्या भरात जरा जास्त झालं. कारकून उत्तम आहे. बोलावून बघा."

नाना आत आले. देवरेसाहेबांनी विचारलं, "नाना, वकीलसाहेबांकडे किती वर्षं झाली?"

नाना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"नाना, साहेब विचारताहेत!" मी म्हणालो.

नानांनी कानामागे हात धरला. "आँ? जोरमा बोला साहेब. माले आयकू येस नही." मग हात पुढे करून चाचपडत, "खुर्ची कोठे शे?"

"नाना, अहो, तुम्हाला ऐकू येतं! दिसतं!"

"पानी? नको नको, पानी नको."

मी जेवढा ओरडलो, तेवढं नानांना वाटलं, आपले वकीलसाहेब काय झकास वठवताहेत! वर मला हळूच डोळाही मारला. देवरेसाहेबांनी तो पाहिला. त्यांनी मान खाली घातली आणि फाइल चाळत, स्वतःशीच बोलल्यासारखं पुटपुटले, "साडेबाराची धुळे गाडी आज रद्द झाली म्हणे."

"अरे देवा!" नाना ताडकन उभे राहिले.

नाना हळूच खाली बसले आणि बारीक आवाजात म्हणाले, "साहेब, येस्टीनं तेवढं आयकू येस."

"म्हणजे ॲफिडेव्हिट खोटं," देवरेसाहेब म्हणाले. घर गेलं, पॉलिसी गेली, आता सनदही जाते की काय!

नाना माझ्याकडे वळून चिडून म्हणाले, "मन्हाकडे काय देखतस? तुम्हीच सांगतस ना बठ्ठा साक्षीदारसले, लिखेल शे ते सोडानं नही म्हनून? आते बदल व्हयना, ते माले कोनी सांगं?"

सगळ्या साक्षीदारांना मी पढवायचो तेच, लिहिलंय ते सोडायचं नाही; बेत बदलला हे नानांना सांगितलं होतं कोणी? यावर देवरेसाहेबांना जे हसू लोटलं! चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी. मग फाइलमधून एक पोस्टकार्ड काढून माझ्यापुढे टाकलं. धुळ्याच्याच एका डॉक्टरांचं. 'माझा दवाखाना धुळ्यात आहे. सवलत मिळावी.' बस. त्याच दिवशी मंजूर.

"धुळे दुष्काळी यादीत आहे हो," ते म्हणाले. "तेवढं एक कारण पुरत होतं. ही चार पानं मागे घ्या, नवा अर्ज द्या. पॉलिसी चालू राहील."

खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. मी घाईघाईने कोरा कागद ओढला, पेन उघडलं आणि लिहायला लागलो, 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी, अर्जदार अत्यंत नम्रपणे निवेदन करतो की, प्रस्तुत दुष्काळामुळे अर्जदाराची…'

देवरेसाहेबांनी कागद माझ्या हाताखालून काढून घेतला, दुसरा कोरा कागद नानांपुढे ठेवला आणि म्हणाले, "नाना, तुम्ही लिहा."

नानांनी चष्माही न लावता ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'वकीलसाहेबांचे ऑफिस धुळ्यात आहे. सवलत मिळावी.' साहेबांनी वाचलं, मान हलवली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "करा सही."

मी पेन टेकवलं, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"फक्त सही हं, वकीलसाहेब. दुसरं काहीही लिहू नका."